एक वारंवारता की दोन? दादरच्या ओल्या वाळूसाठी केलेल्या धातुशोधक प्रकल्पाच्या नोंदी

शनिवार, ४ जानेवारी २०२५

दादर चौपाटीवर रविवारी सकाळी सफाई करणाऱ्या एका गटाने डिसेंबरमध्ये आमच्या तंत्रनिकेतनाकडे एक साधा प्रश्न पाठवला होता. विसर्जनानंतर पाटांचे आणि मखरांचे खिळे, तारांचे तुकडे, सोड्याच्या बाटल्यांची बुचे वाळूत दबून राहतात आणि पुढे महिनोन्महिने अनवाणी पायांत शिरतात. ते शोधण्यासाठी गटाला धातुशोधक घ्यायचा आहे. त्यांच्याकडे दोन दरपत्रके आहेत. पहिले यंत्र एकाच वारंवारतेवर चालते, दुसरे एकाच वेळी अनेक वारंवारता सोडते आणि त्याची किंमत पहिल्याच्या जवळजवळ तिप्पट आहे. जादा पैसे कशासाठी, असे विचारल्यावर विक्रेत्याने "साहेब, हे जास्त खोल जाते" एवढेच उत्तर दिले. ते उत्तर मला पटले नाही, म्हणून अंतिम वर्षाच्या तीन विद्यार्थ्यांचा प्रकल्प याच प्रश्नावर नोंदवून घेतला.

दोन वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे शेजारी ठेवून तुलना केली तर कॉइल (तारेचे वेटोळे), प्रवर्धक (संकेत मोठा करणारे सर्किट), गाळणी (फिल्टर), आवाजाची पद्धत असे सगळेच बदलते आणि फरक नेमका कशाचा हे कळत नाही. त्यामुळे कॉइल एकच, प्रवर्धक एकच आणि बदलेल ती केवळ वारंवारता, अशी मांडणी आम्हीच तयार करायची असे ठरले.

विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी एक ताकीद दिली. आपण जे पुरू तेच शोधायचे. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे आणि जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली तर ती जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावी लागते. आजच्या बाजारात दहा रुपयांची मर्यादा हास्यास्पद वाटते, पण कायदा तो कायदा.

बुधवार, ८ जानेवारी

लोहार चाळीतून इनॅमल चढवलेली तांब्याची तार आणली आणि उरलेले सुटे भाग लॅमिंग्टन रोडवरून. प्लायवूडच्या साच्यावर २८ सेंटिमीटर व्यासाची डबल-डी कॉइल गुंडाळली. पाठीला पाठ लावलेल्या इंग्रजी डी अक्षरांसारखी दोन वेटोळी असतात. एक वेटोळे चुंबकीय क्षेत्र सोडते, दुसरे ऐकते, आणि दोन्ही एकमेकांवर नेमकी तेवढीच चढवावी लागतात की ऐकणाऱ्या वेटोळ्यात सोडणाऱ्याचा थेट आवाज जवळजवळ शून्य व्हावा. हे "जवळजवळ शून्य" गाठायला सकाळचे तीन तास गेले, कारण तार अर्धा मिलिमीटर सरकली की ऑसिलोस्कोपवरची रेघ पुन्हा फुगते. शेवटी वेटोळे अराल्डाइटने जागच्या जागी बसवले.

प्रेषक वेटोळ्याचे इंडक्टन्स ४०० मायक्रोहेन्री भरले. वारंवारता ५ आणि २० किलोहर्ट्झ निवडल्या. एका विद्यार्थिनीने ५ आणि १५ सुचवले होते, आणि ती जोडी फिशर कंपनीच्या सीझेड या धातुशोधकांच्या मालिकेत पूर्वी वापरली गेली आहे, त्यामुळे सूचना अडाणी नव्हती. परंतु आमचा प्रेषक चौरस तरंग सोडतो आणि चौरस तरंगात मूळ वारंवारतेच्या तिप्पट, पाचपट अशा विषम पटी आपोआप येतात. ५ ची तिप्पट म्हणजे नेमके १५. दोन्हींची सरमिसळ झाली असती. २० ही चौपट, म्हणजे सम पट असल्यामुळे ती जागा मोकळी राहते. अलीकडच्या मायनलॅब इक्विनॉक्स ८०० या यंत्रात एकेरी पद्धतीसाठी ५, १०, १५, २० आणि ४० किलोहर्ट्झ उपलब्ध आहेत, म्हणजे आमची निवड प्रचलित पट्ट्याच्या आतच आहे.

येथेच दुहेरी पद्धतीची पहिली किंमत दिसली. एकाच वारंवारतेचे यंत्र योग्य कपॅसिटर जोडून अनुनादावर चालवता येते आणि बॅटरीतून थोडा प्रवाह घेऊनही कॉइलमध्ये मोठा प्रवाह खेळवता येतो. दोन वारंवारता एकत्र सोडायच्या तर साध्या जोडणीत हा लाभ सोडून द्यावा लागतो. आमच्या वेटोळ्याचा रोध ५ किलोहर्ट्झला सुमारे १२.६ ओहम आणि २० ला सुमारे ५० ओहम आहे, म्हणजे त्याच व्होल्टेजवर वरच्या वारंवारतेचा प्रवाह चौथाईच राहतो. शिवाय उपलब्ध शक्ती दोघींत वाटली जाते. "जास्त खोल" या शब्दांबद्दलची माझी शंका येथून वाढली.

शनिवार, ११ जानेवारी

दिवस वाया गेला. हवेत वस्तू धरून घेतलेली सगळी मोजमापे एकाच दिशेने चुकत होती आणि ५ किलोहर्ट्झला चूक मोठी होती. दुपारपर्यंत सर्किटवर संशय घेतला. एक विद्यार्थी तर फिल्टरचे कपॅसिटर काढून मोजत बसला. चारच्या सुमारास कार्यशाळेतील शिपाईमामा चहा घेऊन आले, त्यांनी कप ठेवताना टेबलावर बोटे वाजवली आणि म्हणाले, "सर, याला खालून लोखंडी पट्ट्या मारल्यात, मागच्या वर्षी मीच मारून घेतल्या." सनमायकाच्या खाली पोलादी चौकट होती आणि आम्ही तीच मोजत होतो.

विद्यार्थी फारच खजील झाले, म्हणून त्यांना अलेक्झांडर ग्रॅहम बेलची गोष्ट सांगितली. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरात रुतलेली गोळी शोधण्यासाठी बेलने अशाच संतुलित वेटोळ्यांचे उपकरण नेले होते आणि गोळी काही सापडली नाही. गादीतल्या धातूच्या स्प्रिंगांमुळे उपकरण फसले असे एक कारण नेहमी दिले जाते, दुसरे असे की डॉक्टरांनी त्याला उजव्याच बाजूला शोधू दिले. आमच्या बाबतीत डॉक्टर कोणी नव्हते, दोष सर्वस्वी आमचा होता. यापुढे मोजमापे दोन लाकडी स्टुलांवर ठेवलेल्या फळीवर होतील.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. एकच विद्यार्थी आला. केबलचे शिल्डिंग पुन्हा केले, बाकी तिळगूळ.

शनिवार, १८ जानेवारी

आज पुरावयाच्या वस्तू निवडल्या आणि हवेतील वर्तन नोंदवले. या नोंदी पुढे सतत लागणार असल्याने येथे आकडे कशाचे आहेत ते एकदा लिहून ठेवतो. ऐकणाऱ्या वेटोळ्यातला संकेत दोन भागांत फोडला जातो आणि प्रयोगशाळेत आम्ही त्यांना आय आणि क्यू म्हणतो. आय हा भाग सोडलेल्या क्षेत्राच्या तालावर असतो, क्यू पाव आवर्तन मागे. लोखंड क्षेत्र स्वतःकडे ओढून घेते, म्हणून त्याचा आय आम्ही धन मानतो. तांबे, पितळ, चांदी यांत भोवरा प्रवाह फिरू लागतात आणि ते क्षेत्राला परतवतात, म्हणून त्यांचा आय ऋण येतो. क्यू म्हणजे वस्तूत किती ऊर्जा जिरली त्याचे माप. ते प्रत्येक वस्तूसाठी एका ठरावीक वारंवारतेला कमाल होते आणि त्याच्या दोन्ही बाजूंना उतरते. जाड, चांगल्या वाहक वस्तूची ही कमाल खालच्या वारंवारतेला असते, पातळ किंवा कमी वाहक वस्तूची वर. तांब्यात क्षेत्र शिरण्याची खोली ५ किलोहर्ट्झला सुमारे ०.९३ मिलिमीटर आणि २० ला निम्मी आहे, एवढे सांगितले तरी कल्पना येते.

नाण्यांच्या बाबतीत आपल्या देशात एक मजा आहे. धातुशोधकाच्या परदेशी पुस्तिकांत नाणे म्हणजे अलोह धातू हे गृहीतच धरलेले असते. आमच्या डब्यात १९९२ पूर्वीचा ताम्र-निकेलचा रुपया, त्यानंतरचा पोलादी रुपया, ॲल्युमिनियमचे नागमोडी कडांचे दहा पैसे, आणि पितळी छटेचे पाच रुपये होते. विद्यार्थिनीने जुन्या स्पीकरचे चुंबक नाण्यांच्या ढिगावरून फिरवले, तेव्हा पोलादी रुपये टपाटप उडून चिकटले आणि एकावर एक माळ लोंबू लागली. बाकी नाणी हललीही नाहीत. १९९२ पासूनचा रुपया फेरिटिक स्टेनलेस स्टीलचा आहे, म्हणजे गंजत नाही पण चुंबकाला चिकटतो. यंत्राने त्याला खिळा म्हणावे की नाणे?

फळीवर सपाट धरलेल्या पोलादी रुपयाचा आय ५ किलोहर्ट्झला धन आला, म्हणजे लोखंड. तेच नाणे, तीच जागा, २० किलोहर्ट्झला आय ऋण, म्हणजे तांब्याच्या बाजूला. खालच्या वारंवारतेला चुंबकत्व भारी पडते, वरच्या वारंवारतेला पृष्ठभागावरचे भोवरा प्रवाह. ताम्र-निकेलचा रुपया दोन्हीकडे ऋण राहिला, तीन इंची खिळा दोन्हीकडे धन. एकाच वारंवारतेच्या यंत्राला यांपैकी एकच बाजू दिसते आणि तेवढ्यावरून ते छातीठोक निर्णय देते. दोन वारंवारतांचे यंत्र चिन्ह बदलले की नाही ते पाहू शकते. माझ्या मते या प्रकल्पातील सर्वांत उपयुक्त मोजमाप हेच आहे, आणि ते खोलीशी अजिबात संबंधित नाही.

आनंदावर थोडे पाणी मात्र लगेच पडले. सोड्याच्या बाटलीचे बूचही पातळ पोलादाची चकतीच असल्यामुळे ते अगदी रुपयासारखेच चिन्ह बदलते. यंत्राच्या लेखी रुपया आणि बूच एकच.

कचऱ्यातील दोन वस्तूही तपासल्या. वेफर्सच्या चकाकत्या पाकिटावरचा ॲल्युमिनियमचा थर इतका पातळ असतो की कोणत्याही वारंवारतेला हूं की चूं झाले नाही. औषधाच्या गोळ्यांच्या पट्टीची फॉइल मात्र २० किलोहर्ट्झला स्पष्ट दिसली, ५ ला पुसट.

शनिवार, २५ जानेवारी

मैदानाच्या कुंपणालगतच्या पट्ट्यात बारा खड्डे केले. वरचा थर तांबड्या मुरमाचा, खाली जुना भराव, त्यात विटांचे रोडे. आमची मुंबई बेसाल्टवर बसलेली आहे आणि बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइटचे कण असतातच, त्यामुळे रिकाम्या जमिनीवर कॉइल खालीवर केली तरी आय हलतो. भाजलेली वीट त्याहून वाईट. भट्टीत तापल्याने तिच्यातील बारीक चुंबकी कण क्षेत्राला किंचित उशिराने प्रतिसाद देतात आणि थोडासा क्यू निर्माण करतात, म्हणून विटेचा तुकडा धातू असल्याची बतावणी करतो. खड्डा क्रमांक ४ मधून असे दोन रोडे काढून टाकावे लागले.

जमिनीचा प्रतिसाद दोन्ही वारंवारतांना जवळजवळ सारखाच असतो. हा गुण महत्त्वाचा. एकेरी यंत्रात जमिनीचा कलाकोन (आय आणि क्यू यांच्या प्रमाणावरून ठरणारा कोन) शोधून तो वगळता येतो आणि मुरमावर तेवढे पुरते, असेच आज दिसले. ताम्र-निकेलचा रुपया २० किलोहर्ट्झ एकेरीने २२ सेंटिमीटरपर्यंत लागला, दोन्ही एकत्र असताना २० पर्यंत. खिळा ५ किलोहर्ट्झ एकेरीने २० पर्यंत, एकत्र १८ पर्यंत. अर्थात हे आकडे आमच्या कॉइलचे, आमच्या मुरमाचे आणि आमच्या कानांचे आहेत. बाजारातील यंत्रांशी त्यांची तुलना करू नये. परंतु एकमेकांशी करता येते आणि त्यात दुहेरी पद्धत कोठेही अधिक खोल गेली नाही.

खड्डा क्रमांक ७ ने गोंधळ घातला. त्यात पोलादी रुपया दहा सेंटिमीटरवर आहे, पण तो ५ आणि २० दोन्हींना ठाम धन, म्हणजे निखळ लोखंड दाखवतो. फळीवर चिन्ह बदलणारे नाणे जमिनीत का बदलत नाही, यावर तिघांत बराच वाद झाला. एकाने मुरमाला दोष दिला. मी "कारण अज्ञात" असे लिहून ठेवले आहे.

दुसरी अडचण आवाजाची. साडेपाचला मैदानाचे एलईडी दिवे लागले आणि २० किलोहर्ट्झच्या वाहिनीत खरखर भरली. लोकल जवळून गेली की दोन्ही वाहिन्या काही सेकंद थरथरत. उपनगरी मार्गावर पूर्वीचा १५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह जाऊन आता २५ किलोव्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आला आहे आणि गाड्यांतील इन्व्हर्टर आपली भर घालतात. दिव्यांवर उपाय सापडला. दोन्ही वारंवारता चारास एक हे प्रमाण राखून ४.७ आणि १८.८ वर सरकवल्या आणि खरखर गेली, कारण आमच्या गाळणीचा पट्टा अरुंद आहे. पुढील नोंदींत सोयीसाठी ५ आणि २० असेच लिहीत आहे. लोकलवर उपाय म्हणजे ती जाईपर्यंत थांबणे.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आज फळ्यावरच काम झाले. समुद्रकिनाऱ्यावर जाण्याआधी खाऱ्या पाण्याचे गणित समजून घेणे आवश्यक होते. समुद्राचे पाणी वीजवाहक आहे, सुमारे ५ सीमेन्स प्रति मीटर, पण कोणत्याही धातूच्या तुलनेत अगदीच दुर्बळ. अशा दुर्बळ वाहकाचा प्रतिसाद जवळजवळ संपूर्णपणे क्यू मध्ये येतो आणि वारंवारतेच्या सरळ प्रमाणात वाढतो. म्हणजे सोडलेल्या क्षेत्राच्या तुलनेत ५ किलोहर्ट्झला मिठाचा क्यू जेवढा, त्याच्या चौपट २० ला. तर मग २० च्या क्यू मधून ५ च्या क्यू ची चौपट वजा करावी, मीठ शून्य. २० च्या आय मधून ५ चा आय वजा करावा, काळ्या वाळूचा, म्हणजे किनाऱ्यावरच्या चुंबकी कणांचा, बराचसा भाग शून्य. एकेरी यंत्राकडे दोनच आकडे असतात आणि त्यांतून एकच नकोशी गोष्ट पुसता येते, मीठ किंवा काळी वाळू. दुहेरीकडे चार आकडे असतात. बहुवारंवारतेचे मर्म एवढेच आहे.

परंतु वजाबाकी फुकट नसते. वजा करताना संकेत घटतो, गोंगाट मात्र वाढतो. ५ च्या वाहिनीतला गोंगाट चौपट होऊन २० च्या गोंगाटात मिसळतो, आणि दोन्ही मुळात समान व एकमेकांशी असंबंधित धरले तर एकूण गोंगाट १७ च्या वर्गमुळाएवढा, म्हणजे ४.१ पट होतो. कॉइलपासून दूरच्या छोट्या वस्तूचा संकेत अंतराच्या सहाव्या घाताने उतरतो, तीन घात जाताना आणि तीन परतताना. ४.१ चे सहावे मूळ १.२७. म्हणजे २५ सेंटिमीटर पोहोच असलेले यंत्र वजाबाकी केल्यावर २० सेंटिमीटरच्या आत येते. कॉइलच्या जवळ हा घात सहापेक्षा कमी असतो, त्यामुळे प्रत्यक्ष तोटा थोडा अधिकच. व्यापारी यंत्रांत अधिक वारंवारता आणि अधिक हुशार गणित असते, तोटा बराच भरून काढला जातो, पण मुळात तो असतो. विक्रेत्याने "खोल" ऐवजी "शांत" म्हटले असते तर मी वाद घातला नसता.

शनिवार, ८ फेब्रुवारी

चौपाटीची परवानगी अजून आलेली नाही. तोवर घरगुती उपाय म्हणून बांधकामाची वाळू प्लॅस्टिकच्या मोठ्या टबमध्ये भरून त्यावर समुद्राचे पाणी ओतले, जे विद्यार्थ्यांनी पहाटे दोन कॅनमध्ये भरून बसने आणले होते. कंडक्टरने काय आहे म्हणून विचारले तेव्हा त्यांनी तीर्थ असल्याचे सांगितले, असे मला नंतर कळले.

निकाल अनपेक्षितपणे चांगला आला. २० किलोहर्ट्झ एकेरीवरही मीठ फारसे जाणवले नाही आणि सर्व वस्तू सापडल्या. विद्यार्थी खूश. मी नव्हतो. खाऱ्या वाळूतील प्रवाह कॉइलभोवती मोठ्या कड्यांत फिरतात, आणि पाऊण मीटरच्या टबात ती कडी पूर्णच होत नाहीत. प्रत्यक्ष किनाऱ्यावर वाळू चारी बाजूंना आणि खाली पसरलेली असते. टबाची चाचणी रद्द धरावी असे लिहून घेतले.

शनिवार, १५ फेब्रुवारी

परवानगीचे पत्र आले. दोन तास, सकाळी सहा ते आठ, खणलेले लगेच बुजवण्याच्या अटीवर. अमावास्येनंतरचा शनिवार मागून घेतला. मुंबईत अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती दुपारी व मध्यरात्री येते आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळी, आणि उधाणाची ओहोटी असल्यामुळे पाणी सर्वांत दूर जाते. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या मंद भरती-ओहोटीच्या दिवसांत गेलो असतो तर एवढा ओला पट्टा मिळालाच नसता.

शनिवार, १ मार्च

सहाला पोहोचलो. अंधार होता. पाणी सातच्या आसपास पूर्ण उतरले आणि समोर चकचकीत ओल्या वाळूचा पट्टा उघडा पडला.

आधी भिंतीजवळची कोरडी वाळू. तिन्ही पद्धतींत काही फरक नाही, एकेरी किंचित सरस. मुरमावरचेच चित्र.

मग ओल्या पट्ट्यात उतरलो आणि २० किलोहर्ट्झ एकेरीने तोंड उघडले ते मिटेना. कॉइल दोन सेंटिमीटर वर उचलली तरी सूर बदलतो, झोका संपताना हात नैसर्गिकपणे किंचित वर जातो तिथे प्रत्येक वेळी खोटा आवाज. टब रद्द धरला ते योग्यच झाले. मिठाचा कलाकोन वगळून यंत्र शांत केले, तेव्हा फॉइल आणि ताम्र-निकेलचा रुपया दोन्ही त्याच वगळलेल्या कोनाच्या आसपास असल्याने तेही मुके झाले. रुपया पाच सेंटिमीटरवरही लागेना.

५ किलोहर्ट्झ एकेरीने मात्र मला चूक ठरवले. मी त्याच्याकडून फारशी अपेक्षा ठेवली नव्हती. मीठ चौथाईच असल्यामुळे तेवढे वगळल्यावर तीन इंची खिळा पंधरा सेंटिमीटरवर स्वच्छ लागला. खिळा आडवा असेल तर मधोमध आवाज पडतो आणि दोन्ही टोकांना दोन ठोके येतात, हेही विद्यार्थ्यांनी येथे प्रथम नीट ऐकले. गटाला प्रामुख्याने खिळेच शोधायचे आहेत, म्हणजे स्वस्त यंत्र पुरेल असे म्हणून मी वही मिटणार होतो.

तेवढ्यात आम्ही काळसर वाळूच्या पट्ट्यावर आलो. लाटा हलकी वाळू वाहून नेतात आणि जड काळे कण रेघांनी मागे राहतात, वीतभर रुंद, किनाऱ्याला समांतर. ५ किलोहर्ट्झ एकेरीत यंत्र मिठासाठी जुळवलेले होते, काळ्या वाळूसाठी नव्हते. प्रत्येक रेघेवर ते खिळा सापडल्यासारखे ओरडले. काळ्या वाळूसाठी जुळवले की मीठ परत येई. एका हाताने झाकले की दुसरीकडे उघडे पडे. दुहेरी वजाबाकी चालू केली आणि यंत्र रेघ ओलांडून गेले, नुसती एक पुसट घरघर. त्याच रेघेत पुरलेला खिळा बारा सेंटिमीटरवर आणि दहा पैसे दहा सेंटिमीटरवर लागले. पोहोच कमी झाली होती, हे उघड आहे. पण खिळे अशाच जड कणांबरोबर या रेघांत येऊन बसतात, असे गटातील एकाने स्वतःच्या अनुभवावरून सांगितले, आणि तिथे एकेरी यंत्र निरुपयोगी होते.

साडेसातला फिरायला आलेल्या एक आजी थांबल्या. "बाळा, आमच्या सूनबाईंची साखळी गेल्या रविवारी इथंच कुठं तरी पडली. तुझ्या मशिनीला दिसेल का?" विद्यार्थ्याने उत्साहाने होकार दिला आणि वीस मिनिटे त्यांनी दाखवलेला भाग पिंजला. दोन बुचे, एक चप्पलेचा खिळा. आजी म्हणाल्या, "राहू दे रे, समुद्राला दिली समजायची." मलाच वाईट वाटले, कारण होकार देण्याआधी मी त्याला अडवायला हवे होते.

सोमवार, ३ मार्च

साखळीचा प्रयोग. खरे सोने प्रयोगशाळेत आणण्याची माझी तयारी नव्हती, म्हणून घरातले नकली मंगळसूत्र आणले. हवेत, २० किलोहर्ट्झवर, दोन्ही वाट्या बारा सेंटिमीटरवरून स्पष्ट दिसल्या. वाट्या सोडवून नुसती साखळी धरली तर चार सेंटिमीटरवर जेमतेम काहीतरी. गोळा करून ठेवली, लांब पसरली, फासा अडकवून पूर्ण वर्तुळ केले, तरी फरक नाही. भोवरा प्रवाहाला सलग वाट लागते आणि साखळीत प्रत्येक कडी वेगळी, कड्यांचा स्पर्श कच्चा. प्रवाह एकेका इवल्याशा कडीतच घुटमळतो. दागिना तोळ्याचा असला तरी यंत्राला तो शेकडो बारीक कड्यांचा ढीग दिसतो.

दुहेरी पद्धतीत परिस्थिती आणखी बिकट. एवढ्या बारीक वस्तूचा क्यू आमच्या पट्ट्यात वारंवारतेच्या सरळ प्रमाणातच वाढतो, म्हणजे हुबेहूब मिठासारखा. मीठ पुसणारी वजाबाकी साखळीही पुसून टाकते. औषधाच्या फॉइलचा बारीक तुकडाही असाच जातो. बहुवारंवारता यंत्राच्या जाहिरातीत ही गोष्ट कोणी लिहीत नाही, पण ती गणितातच आहे.

शनिवार, ८ मार्च

गटाला द्यायचे पत्र तयार केले. त्यात लिहिले आहे की कोरड्या वाळूपुरते काम असेल तर खालच्या वारंवारतेचे एकेरी यंत्र घ्यावे आणि जादा पैसे देऊ नयेत. भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यात आणि काळ्या रेघांवर काम करायचे असेल तर बहुवारंवारता यंत्र घ्यावे, मात्र ते अधिक खोल जाईल या आशेने नव्हे. हरवलेल्या साखळीचे आश्वासन कोणालाही देऊ नये. आणि एक सूचना मी आग्रहाने घातली. वरच्या पाच-सात सेंटिमीटरमधील खिळे, तारा व बुचे सगळी लोखंडी असल्याने जाड चुंबकाची पट्टी बसवलेले दंताळे ओढले तर कोणत्याही यंत्राहून अधिक माल तासाभरात निघेल. यंत्र त्याखालच्या वस्तूंसाठी वापरावे. विद्यार्थिनीचे म्हणणे असे की यामुळे आपल्या प्रकल्पाचे महत्त्व कमी होते. असेल.

दुपारी खड्डे मोकळे केले. बारापैकी अकरा वस्तू नोंदीप्रमाणे निघाल्या. क्रमांक ७ मी स्वतः खुरप्याने, थर थर करून उकरला. दहा सेंटिमीटरवर विटेचा एक बोटभर रोडा लागला आणि त्याला टेकून पोलादी रुपया कडेवर उभा होता. जानेवारीत माती लोटताना तो कलला असणार. उभ्या चकतीच्या लांबीच्या दिशेने क्षेत्र जाते तेव्हा चुंबकत्व पुरेपूर लागते आणि भोवरा प्रवाहांना फिरायला जागाच उरत नाही, म्हणून ते नाणे दोन्ही वारंवारतांना खिळा म्हणून बोलत होते. विद्यार्थ्यांनी त्याला न हलवता वरून कॉइल धरली. ५ ला धन, २० ला धन. मग बोटाने आडवे केले. ५ ला धन, २० ला ऋण. २५ जानेवारीच्या नोंदीतील "कारण अज्ञात" हे शब्द खोडून समासात आजची तारीख घातली.